टिकल्यांचं विसर्जन

रतनलालशेठच्या कारखान्यापुढे अर्धं नंदुरबार लोटलं होतं. अर्धं म्हणजे अतिशयोक्तीच झाली. मिरचीबाजारातून परतणारी माणसं आणि काही रिक्षावाले, एवढं नक्की. आत इंद्रसिंग महाराज पत्र्याला भोकं पाडणाऱ्या यंत्रावर मोरपीस फिरवत होते.

"यंत्राला पोट असतं!" महाराज गरजले. "पोटात नजर साचते. आणा तो खालचा डबा. आतलं सगळं मी तापीत विसर्जन करतो."

डब्यातल्या पत्र्याच्या गोल टिकल्या शिष्याने पोत्यात ओतल्या. नवा पंच बसवला, कळ दाबली, आणि हटून बसलेलं यंत्र खटाखट चालू लागलं. टाळ्या पडल्या. एकाने तर दंडवत घातलं.

इथे मिरचीच्या चाळण्या बनतात. पंच म्हणजे वरून आदळणारी पोलादी काडी. ती पत्र्यातून आरपार जाते आणि कापलेली टिकली खालच्या भोकातून डब्यात पडते. दसऱ्यापासून हा पंच दुपारी मोडायचा. महाराज यायचे, यंत्र चालायचं. दुसऱ्या दुपारी पंच पुन्हा मोडायचा.

"नजर परत लागते, म्हणजे लावणारं इथेच आहे," महाराज म्हणाले आणि त्यांनी शोभाबाईकडे बोट दाखवलं. दुपारी यंत्रावर तीच असायची. नवरा गेल्यापासून तिचं घर याच कामावर चाललं होतं.

"मन्ही नजर काय दुपारलेच लागस का, महाराज?" शोभाबाई म्हणाली. "सकायले मी आठेच, याच कारखानामा पत्रा उचलस, तवय ती काय झोपी ऱ्हास?"

लोक हसले. शेठ हसले नाहीत. "बाई, मन्हं नुकसान व्हई ऱ्हायनं. आते कामवर येऊ नको."

मला शंका आली होती. पण माझ्या शंकांवर माझाच फारसा विश्वास नसतो. मी निवृत्त ग्रंथपाल, शेठच्या ओट्यावर पेपर वाचायला जाणारा. यंत्रातलं मला काय कळणार? मी चष्मा पुसत राहिलो. बोलली ती शेठची सून चांदनी. ती आयटीआयमध्ये शिकवते.

"बाबूजी, उद्या दुपारी महाराजांना पुन्हा बोलवा. शोभामावशी घरी राहतील. मंत्र सगळे होऊ देत. फक्त डब्याला कोणी हात लावायचा नाही."

दुसऱ्या दुपारी पंच पुन्हा मोडलेला होता, आणि महाराज चुळबुळले. "डब्याशिवाय विधी अपुरा राहतो."

"नजर मंत्राने निघते ना? मग डबा कशाला?"

"हाई खरं शे!" एक रिक्षावाला ओरडला. "व्हऊ द्या मंत्र, महाराज!"

मंत्र झाले. मोरपीस फिरलं. नवा पंच बसवून शेठनी स्वतः कळ दाबली. काड! पंचाचे दोन तुकडे. आणि शोभाबाई तर आपल्या घरी.

चांदनीने वाकून डबा ओढला. तो भोकाला घट्ट टेकवलेला होता, काठोकाठ भरलेला. पुढच्या टिकल्यांना जागा नव्हती, म्हणून त्या भोकातच थरावर थर बसल्या होत्या.

"पंच आदळतो तो या थरावर. मोडणार नाही तर काय होईल? डबा असा टेकवला कोणी?"

शेठ जमिनीकडे बघत म्हणाले, "दसऱ्याले मीच. टिकली खाले पडनी की पायखाल येस. लक्ष्मी शे ना ती!"

डबा रोज संध्याकाळी रिकामा व्हायचा. म्हणून सकाळी यंत्र गुणी, आणि दुपारी डबा भरला की दोष शोभाबाईच्या माथी. महाराजांचा खरा मंत्र डबा रिकामा करणं हाच होता. तापीत विसर्जन करायची पोती भंगाराच्या गाडीत चढताना त्या रिक्षावाल्याने पाहिली होती, हेही तेव्हाच कळलं. महाराजांनी मोरपीस झोळीत घातलं आणि मागच्या दाराने गेले.

डबा आता भोकापासून खाली, अंतर सोडून ठेवतात आणि दुपारच्या जेवणाआधी रिकामा करतात. शेठ शोभाबाईला बोलवायला तिच्या घरी गेले, तेव्हा ती म्हणाली, "येस मी. पन चारचौघासमोर आळ लाया ना शेठ, मंग चारचौघासमोरच काढा."

दुसऱ्या सकाळी फाटकाशी उभं राहून शेठनी तो आळ काढला. आवाज जरा बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

यंत्र अडलं तर आधी त्याच्याखाली वाकून बघावं, एवढंच मला म्हणायचं आहे. माणसाकडे बोट दाखवणं सोपं. वाकणं गुडघ्यांना जड जातं, माझ्या तर फारच. तरी वाका.