दाभणाचं नेढं

"सुपडू, आज मोढे पर से ये कपडा नीचे नहीं आना चाहिए," भूपेंद्रशेठनं तिसऱ्यांदा बजावलं. तोंडावर बांधलेल्या फडक्याआडून सुपडूनं नुसता हुंकार दिला.

चौऱ्याण्णव सालची प्लेगची साथ ओसरून महिना होत आला होता, पण सुरतचं नाव गेलं ते गेलंच. शेजारच्या देशानं आपली विमानं बंद केली आणि इथला कापडी माल हद्दीवरून परत धाडला. पर्वत पाटिया भागातल्या शेठच्या गोदामात त्या गासड्या पार छताला टेकल्या होत्या. दिल्लीत दोन्हीकडचे साहेब चहाच्या निमित्तानं भेटत; कागदावर एक ओळ नाही. त्या बोलण्यांतूनच ठरलं, की त्यांचा एक साहेब गाजावाजा न करता येऊन माल कसा बांधतात ते पाहील. त्याला पटलं तर विमानांमागून कापडही सुटेल. नाही पटलं तर गोदामाला कुलूप आणि बावीस घरांच्या चुली थंड.

साथीत नवागाम ही सुपडूची खानदेशी मजुरांची वस्ती अर्धी गावाकडं पळाली. सुपडूनं बायकोला गावी धाडलं आणि स्वतः मात्र इथंच राहिला. गासडी शिवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, म्हणून शेठनं त्यालाच पुढं बसवलं.

परदेशी पाहुणे सकाळी अकराला आले, सोबत दिल्लीचे अधिकारी. गृहस्थ हळू बोलणारे, अदबीचे. ताज्या चुन्याच्या भिंती पाहून त्यांनी मान डोलावली, तसा दिल्लीवाल्यांच्या जिवात जीव आला. मग पाहुणे म्हणाले, जरा शिवून दाखवा.

सुतळीचं टोक पिंजलेलं होतं. दाभणाच्या नेढ्यात ते जाईना. एकदा झालं, दोनदा झालं. सगळ्यांचे डोळे त्याच्या बोटांवर खिळले होते. तिसऱ्या खेपेला त्यानं फडकं हनुवटीखाली ओढलं, टोक ओठांत धरून ओलं केलं आणि झटक्यात ओवलं. पंचवीस वर्षांची सवय ती, दिवसातून शंभरदा व्हायची. जमलं म्हणून खुशीत त्यानं वर पाहिलं, तर गोदामात कोणी हलत नव्हतं.

पाहुण्यांनी रुमालानं बोटं पुसली, सर्वांना नमस्कार केला, चहाचा भरलेला कप तसाच ठेवून ते गाडीत बसले. शेठ चार शिव्या देईल तर बरं, असं सुपडूला वाटत राहिलं. शेठ गासडीवर हात ठेवून नुसता उभा होता.

दिवाळी झाली. विमानं पुन्हा उडू लागल्याचं रेडिओनं सांगितलं. कापडाचं नाव कोणी काढलं नाही. गोदामाला कुलूप लागलं. त्याच गोदामातला हमाल हिलाल शेजारच्याच खोलीत राहायचा. तो आता खाली मान घालून समोरून निघून जायचा. सुपडूला त्यापेक्षा मार परवडला असता.

सुपडूची बायको पुष्पाबाई गावाहून परतली होती. एका दुपारी ती गोधडी शिवायला बसली. तिला नीट दिसत नसे, म्हणून सुई-दोरा तिनं नेहमीसारखा त्याच्या हातात दिला. तो दारातल्या उजेडाला जाऊन बसला. दोरा सारखा नेढ्याच्या कडेला अडत होता.

"तोंडमा धरा ना जराखा," ती म्हणाली.

सुपडूनं आधी गल्लीत कोणी आहे का ते पाहिलं.

"नको," तो म्हणाला. "कोनी देखी."

आणि कोरडं टोक बोटांत वळून तो पुन्हा ओवायला लागला.