आठ आणि एक

ठमाबाईच्या तोंडाला लागायची लासुर्ण्यात कुणाची टाप नव्हती. पण गेले आठ महिने त्या तोंडाचा घरातल्या सुनेपुढं काडीचा उपयोग होत नव्हता.

स्वरूपाचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. घरच्यांनी, पाहुण्यांनी, शेजारणींनी सगळ्यांनी एकच सांगितलं, झालं गेलं, विसर आता. पोर बाळाला काही विसरली नाही, जेवण मात्र विसरली. अर्धी भाकरी चिवडायची आणि उरलेली गुपचूप म्हशीपुढं टाकायची. म्हैस सुधारली, सून वाळली. ठमाबाईनं रागावून पाहिलं, लाडू वळून पाहिले, माहेरच्यांना बोलावून पाहिलं. ही पोर अशीच डोळ्यांदेखत जाणार, या धास्तीनं तिला स्वतःला घास गोड लागेना.

शहाण्णवच्या दिवाळीनंतर निमगाव केतकीत पुण्याच्या एका प्रयोगशाळेची माणसं आली. चार-पाच लेकरं झालेल्या धडधाकट बायकांचं थोडं थोडं रक्त त्यांना हवं होतं. आवई उठायला कितीसा वेळ लागतो? रक्ताचं निमित्त आहे, बायका धरून ऑपरेशन करणार, असं शेजारच्या दगडाबाईनं पाणवठ्यावर छातीठोक सांगितलं.

"करू दे की," ठमाबाई म्हणाली. "माजं वीस वर्सामागंच झालंय. दोनदा तर करत न्हाईत?"

खरं तर तिला सुनेला उंबऱ्याबाहेर काढायचं होतं. सोबतीला चल म्हणून तिनं स्वरूपाला बारामती-इंदापूर यष्टीत बसवलं.

शाळेच्या वर्गात टेबल मांडलं होतं. सुई घेऊन बसलेली साक्षी निरवांगीच्या अप्पा मास्तरांची लेक, पुण्याला प्रयोगशाळेत नोकरीला. तिनंच आपल्या डॉक्टरांना सांगितलं होतं, तुम्ही पुण्यात अशा बायका हुडकत बसता, आमच्या तालुक्यात त्या गल्लोगल्ली आहेत.

"मावशी, किती वेळा दिवस गेले?" साक्षीनं कागद पुढं ओढला.

"पाच. तीन पोरं, दोन पोरी."

"हयात किती ते नाही विचारत. दिवस किती वेळा गेले?"

 रेशनकार्डवाल्यानं विचारलं होतं, शिरगणतीच्या गुरुजींनी विचारलं होतं, ऑपरेशनच्या नर्सनं तर दहादा विचारलं होतं. सगळ्यांना हयात असलेलीच हवी होती.

"गेलेली कशाला पायजेत तुला?" तिनं जरा चढ्या आवाजात विचारलं.

"तीही लागतात, मावशी. पोटातलं बाळ निम्मं बापाचं असतं. आईचं रक्त ते बापाकडचं निम्मं परकं म्हणून ओळखतं, आणि काहीजणींच्या रक्तात त्याची खूण वर्षानुवर्षं राहते. बाळ जगलं काय, न जगलं काय. एकाची किडनी दुसऱ्याला बसवायची तर आधी जुळते का बघावं लागतं. ते आम्ही या खुणेवरून बघतो."

ठमाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"मग आठ लिव. पयलं चौथ्या म्हैन्यात गेलं. एक पोरगी बारशाआदी गेली, नाव ठिवायचं ऱ्हायलं. आन् आमच्या विजयसिंगाच्या पाठचा मेलेलाच आला."

बाकावर बसलेल्या स्वरूपानं मान वर केली. विजयसिंह तिचा नवरा. लग्नाला तीन वर्षं झाली, पण हे तिच्या कानावर कधी आलं नव्हतं.

"आत्या, तुमी कदी बोलला न्हाईत."

"कुणी इचारलंच न्हाय गं," ठमाबाई म्हणाली आणि तिला एकदम रडू फुटलं. रडता रडताच तिनं हात पुढं केला.

बाटली भरली, तशी स्वरूपा उठून टेबलाशी आली. "माजं बी घ्या. मला एकच हुतं."

एकदाच दिवस गेले असले तरी तिचंही घेण्यासारखं होतं. ठमाबाईसारख्यांच्या रक्तातली खूण ताडून बघायला कुणाही धडधाकट माणसाचं रक्त लागायचंच. साक्षीनं तिच्या बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात सोडला. चांगलं रक्त तळाला जातं. हा थेंब वरच तरंगत राहिला.

"ताई, तुमच्या अंगात रक्तच कमी आहे. आज नाही घेता येणार."

"मग निदान माजं एक लिवून तरी घ्या."

"रक्त घेतलं तरच कागद भरता येतो," साक्षी हळूच म्हणाली. "तीन महिन्यांनी परत येतोय आम्ही. तोवर नीट जेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वरूपानं एक भाकरी खाल्ली. चार दिवसांनी दीड. मग हादग्याची भाजी, मेथी, मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा. ठमाबाईनं जन्मात पहिल्यांदा तोंड आवरलं. उगाच काही बोललो आणि पोरीचा घास अडला तर? तिकडं म्हशीनं मात्र दूध कमी केलं.

फेब्रुवारीत दोघी पुन्हा त्याच वर्गात गेल्या.

"मावशी, तुमच्या रक्तात खूण चांगली ठळक निघाली," साक्षीनं सांगितलं. "लई कामाला येतीय."

"कुणाची गं? आठातल्या कुणाची?"

"ते नाही सांगता येत."

"मग आठांची बी म्हन."

साक्षी हसली. तिनं स्वरूपाचं बोट धरलं, टोचलं, थेंब निळ्या पाण्यात सोडला. ठमाबाई टेबलावर वाकून बघायला लागली. थेंब क्षणभर अडला आणि सरळ तळाला गेला.

साक्षीनं कोरा कागद घेतला. नाव लिहिलं, गाव लिहिलं, वय लिहिलं.

"किती वेळा दिवस गेले?"

"एक येळ," स्वरूपा म्हणाली. "पोरगा हुता."

पोरगा की पोरगी, याला त्या कागदावर रकाना नव्हता. साक्षीनं 'एक' लिहिलं आणि शेजारी बारीक अक्षरात 'मुलगा' लिहिलं. स्वरूपानं वाकून ते दोनदा वाचलं. मग बाही वर सारून तिनं हात पुढं केला.