हिरवा दिवा

शेठचं म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. बमरोलीच्या त्याच्या मिलमध्ये कापड रंगवायच्या मशीनला रंजनानं नुकताच कॉम्प्युटर जोडून दिला होता, आणि "बेन, प्रोग्राम धीमो छे" हे पालुपद तेव्हापासून सुरू. शेवटी तिनं सी भाषेतला तो प्रोग्राम नव्या कंपायलरवर, म्हणजे लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या दुभाष्यावर, वेगाचा पर्याय लावून बनवला आणि सकाळीच मशीनवर चढवला. १९९९ साल होतं. नवं ते सगळं सोनं वाटायचं.

काम साधंच. बंद भांड्यात दाबाखाली शंभराच्या वर तापवलेलं पाणी ऐंशी अंशांखाली आलं की हिरवा दिवा लागणार, तोवर लाल; हिरवा लागला मग झाकण उघडायचं. त्याआधी उघडलं तर उघडणारा भाजून निघणार. आणि उघडणारा होता तिचा बाप, निंबा.

दुपारी वरच्या ऑफिसात दुसऱ्या मशीनसाठी नक्कल तयार करताना तिनं हातानं एकशेतीसचा आकडा भरून पाहिला. दिवा लाल. झकास! तपासणीपुरती घातलेली, आकडा पडद्यावर छापणारी ओळ तिनं खोडली आणि पुन्हा चालवलं. दिवा हिरवा. ओळ घातली, लाल. काढली, हिरवा.

तिनं प्रोग्राम ओळीओळीनं पुन्हा वाचला. मेमरीच्या एकाच जागेत ती आकडा पूर्णांक म्हणून लिहीत होती आणि कास्ट करून, म्हणजे जबरीनं प्रकार बदलून, दशांश म्हणून वाचत होती. एका घराला दोन पाट्या. जुना कंपायलर मुकाट चालवून घ्यायचा. या नव्या दीडशहाण्यानं ठरवलं, पाट्या दोन म्हणजे घरंही दोन. मग लिहून होईपर्यंत थांबायचं कशाला? त्यानं आधीचाच थंड आकडा वाचला. छापायची ओळ मध्ये असली की त्याला लिहून होईपर्यंत थांबावंच लागे; आणि सकाळी चढवलेल्या प्रोग्राममध्ये ती ओळ नव्हती.

खाली फोन करून उपयोग नव्हता, त्या गोंगाटात उचलणार कोण? ती जिन्यावरून धावत सुटली. देवा, बाबा चहाला गेलेले असू देत!

निंबा चहाला गेला नव्हता. झाकणाच्या चाकावर त्याचे दोन्ही हात होते आणि वर दिवा हिरवागार.

"बाबा, झाकणले हात लावू नका!"

त्याला ऐकूच गेलं नाही. तिनं कॉम्प्युटरची पिन उपटली. दिवा विझला, तसे निंबाचे हात जागीच थांबले.

भांड्यावरचा काटा एकशेवीसच्या पुढे होता. नुसती मान वळवली तरी दिसला असता. रंजनाला रडू आवरेना आणि रागही.

"बाबा, तुम्ही काटा नही देखा का?"

"रोज देखस," निंबा म्हणाला. "आज नही देखा. तुना दिवा व्हता ना, बाई."