यादीतलं पाचवं कलम

आमच्या योगिनीनं जर्मन मुलगा निवडला याचं आम्हाला काही वाटलं नाही. खोटं कशाला, दोन दिवस वाटलं. मग योनास जेवायला आला, त्यानं तिसऱ्यांदा वरण मागून घेतलं आणि विषय मिटला. अडलं ते शेजारच्या कोरी ओमांपाशी.

ओमा म्हणजे आजी. वय एकोणनव्वद. नेदरलँड्समध्ये, झूटरमेरला आलो तेव्हा योगिनी सात वर्षांची होती. शाळा सुटली की मुक्काम ओमांच्या स्वयंपाकघरात. सायकल, डच पाढे आणि डब्यातून एकच बिस्कीट घेऊन झाकण लावणं, हे सगळं तिला त्यांनीच शिकवलं. माझ्या सासूबाई गेल्यावर आजी म्हणून उरल्या त्या ह्याच. पण त्यांनी सांगून टाकलं, "लग्नाला येणार नाही. आधी माझ्या वडिलांची सायकल परत द्या म्हणावं."

हे वाक्य इथे फुटबॉलच्या मॅचला जर्मनांना चिडवायला म्हणतात आणि सगळे हसतात. ओमा हसत नाहीत. चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात देश जर्मनांच्या ताब्यात होता आणि शहरात खायला नव्हतं. त्यांचे वडील सायकलवर खेड्यातून बटाटे आणायला निघाले. वाटेत एका जर्मन शिपायानं सायकल काढून घेतली. वडील रिकाम्या हातांनी चालत परतले. आठ वर्षांच्या ओमांनी त्या हिवाळ्यात ट्युलिपचे कांदे उकडून खाल्ले.

"ओमा नसतील तर मला लग्नच नको," योगिनी म्हणाली. डचमध्ये म्हणाली, म्हणजे मनापासून.

मग मी आमच्याकडचं शस्त्र काढलं. ओमांना म्हटलं, "लग्नाला नका येऊ, पण याद्यांच्या बैठकीला तरी या. मुलीकडचं वडीलधारं माणूस लागतं."

"तिथे काय करायचं?"

"मागायचं. दोन्ही बाजू बोलतात, लिहून काढतात, सह्या करतात. मग कोणी रुसायचं नाही."

"अच्छा, तह," ओमा म्हणाल्या आणि रविवारी ठेवणीतला ब्रोच लावून आल्या.

योनासचे वडील क्लाउस जर्मनीतल्या म्युन्स्टरहून आले होते. सहासष्ट वर्षांचे, उंच, आमच्या सोफ्यावर टेकायलाही संकोचणारे. ओमांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्या नवऱ्यानं, रवींद्रनं, कागदाला हळदकुंकू लावलं. मुहूर्त, जेवण, कपडे, पाहुण्यांची सोय, चार कलमं भराभर झाली.

"मुलीकडचं अजून काही?"

"काहीही मागता येतं?" ओमांनी विचारलं.

"मागा ना, ओमा."

"सायकल."

रवींद्रचं पेन थांबलं. माझ्या कानाशी लागून म्हणाला, "अगं, आपल्याकडे सायकल मुलाकडचे मागायचे!"

"तू लिही."

योनास शाळेत इतिहास शिकवतो. तो घाईनं म्हणाला, "ओमा, पहिल्या महायुद्धानंतर हरलेल्यांवर भलीमोठी यादी लादली, तर वीस वर्षांत दुसरं..."

"तू गप्प बस रे. मी एकच मागतेय."

क्लाउस हसले नाहीत की रागावले नाहीत. "कशी होती?" एवढंच जर्मनमध्ये विचारलं. ओमांना जर्मन कळतं, फक्त त्या ते कधी कळू देत नाहीत.

ऐंशी वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नसावं. "काळी," त्या म्हणाल्या. "घंटीला पोचा. मागचं कॅरिअर वडिलांनी स्वतः बनवलेलं, बटाट्याचं पोतं मावेल एवढं."

"माझे वडील एकोणीस वर्षांचे असताना इथे शिपाई होते," क्लाउस खाली बघत म्हणाले. "घरी परतले ते सायकलवरून. कोणाची, ते कधी बोलले नाहीत. ती तुमची नसेलही. पण कोणाची तरी होतीच. मी तिच्यावरच शिकलो."

ओमांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "पडलात का?"

"खूपदा." त्यांनी पँट वर करून गुडघा दाखवला.

"बरं झालं," ओमा म्हणाल्या आणि स्वतःच खुदकन हसल्या. "लिहा. कलम पाच. काळी सायकल, मोठं कॅरिअर. गाडीच्या टपावर बांधून नाही, चालवत आणायची. ह्यांनी."

"म्युन्स्टरहून?" योगिनी किंचाळली. "सव्वादोनशे किलोमीटर!"

"माझे वडील चालत आले होते."

क्लाउसनी सही केली.

मे महिन्यात, लग्नाच्याच सकाळी, आम्ही सीमांतपूजन मांडलं. मुलाकडच्यांना वेशीवर सामोरं जायचं असतं, आणि झूटरमेरची वेस म्हणजे गावाच्या नावाची निळी पाटी. नवरदेव आदल्या दिवशीच रेल्वेनं येऊन माझ्या शेजारी उभा होता. सगळ्यांच्या माना वळल्या होत्या त्या सायकलच्या रस्त्याकडे. तीन दिवस पायडल मारून क्लाउस आले; नाक भाजलेलं, सायकल काळी. मी ओवाळलं. ओमांनी घंटी वाजवून पाहिली, कॅरिअर हलवून पाहिलं आणि कोणी काही म्हणायच्या आत वर बसून निघूनही गेल्या.

मुहूर्ताला वीस मिनिटं उरली होती. श्रीनिवास गुरुजी घड्याळाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघू लागले.

"आता माझी सायकल गेली," क्लाउस म्हणाले, आणि दोन्हीकडचे पाहुणे एकदमच हसले.

अर्ध्या तासानं घंटी ऐकू आली. ओमांचे गाल लाल, ब्रोच तिरका आणि कॅरिअरवर पाच किलोंची बटाट्यांची पिशवी.

"अहो ओमा, होतात कुठे?"

"वडिलांचं काम राहिलं होतं," त्या म्हणाल्या. पिशवी त्यांनी क्लाउसच्या हातात दिली. "चला, लग्न लावा. मग आपण दोघं सोलायला बसू."

मुहूर्त टळला होता. गुरुजींनी लगेच दुसरा काढला. त्यांनाही भूक लागली होती. पंगतीत बटाट्याची भाजी वाढली गेली. ती यादीत नव्हती.