थर्मासच्या झाकणातलं पाणी

हट्टाच्या बाबतीत आमच्या घराण्यात पहिला नंबर माझा आणि दुसरा माझ्या धाकट्या भावाचा, टोनीचा. उत्तनला त्याची मासेमारीची बोट आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी तो चर्चच्या लोकांबरोबर पवित्र भूमीच्या यात्रेला गेला आणि येताना यार्देन नदीचं पाणी बाटलीत भरून घेऊन आला. येशूने जिथे बाप्तिस्मा घेतला तिथलं पाणी. पहिल्या नातवंडाचा बाप्तिस्मा याच पाण्याने होणार, असं त्याने जाहीर केलं आणि बाटली कपाटात ठेवली. मध्ये माझी भावजय वारली, घर नव्याने बांधलं, पण बाटलीला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

मग नात आली. सिया. आणि बाटलीचं सगळं गणितच बिघडलं, कारण सियाचा बाप्तिस्मा आधीच होऊन गेला होता. तोही क्षितिजाच्या हातून.

क्षितिजा म्हणजे डेन्झिल आणि क्लेअरची, टोनीच्या मुलासुनेची, बेव्हर्ली पार्कमधली शेजारीण. विमा कंपनीत नोकरी, चतुर्थीचा उपास न चुकता, आणि घसा नाजूक म्हणून जाईल तिथे कोमट पाण्याचा थर्मास बरोबर. सिया दिवस भरायच्या खूप आधी जन्मली. डेन्झिल कंपनीच्या कामाने बडोद्याला, आम्ही उत्तनला. क्लेअरला नर्सिंग होममध्ये नेलं ते क्षितिजाने. बाळ निळसर पडलं होतं, मोठ्या हॉस्पिटलात हलवायला ॲम्ब्युलन्स दाराशी उभी होती. स्ट्रेचरवरच्या क्लेअरला मान उचलायचीही ताकद नव्हती. तिने क्षितिजाचा हात धरला आणि काय करायचं, काय म्हणायचं ते सांगितलं. क्षितिजाने ते केलं आणि बाळाबरोबर ॲम्ब्युलन्समध्ये बसली.

आता सियाचे गाल असे झालेत की आंघोळीला साबण पुरत नाही. पण टोनीला ते काही दिसेना. चर्चमध्ये बाप्तिस्म्याचे राहिलेले विधी पूर्ण करायचं ठरलं, त्या निमित्ताने सगळे जेवायला जमलो, तेव्हा क्षितिजासमोरच तो म्हणाला, "थर्मासातलं पानी! बाप्तिस्मा हाय का चहा? आनि ती आपली न्हाय. परत करायला लागंल."

क्षितिजा हसल्यासारखं करून उठली. तिने जेवण अर्धं टाकलं होतं. त्यानंतर ती क्लेअरकडे यायचीच बंद झाली. सियाला बघितल्याशिवाय जिला चैन पडायचं नाही, ती जिन्यात भेटली तरी मान खाली घालून जायला लागली. मला टोनीचा इतका राग आला की दोन रविवार मी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला त्याच्या बाकावर बसले नाही.

मी चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देण्यात केस पिकवलेत. जीव जायची वेळ आली तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं, अगदी जो ख्रिस्ती नाही तोसुद्धा. पाणी हवं, शब्द हवेत, आणि चर्च जे करतं तेच करायचं मनात हवं. आणि एकदा झाला की झाला. बाप्तिस्मा म्हणजे जन्म आहे, वाढदिवस नव्हे, की फोटो चांगले आले नाहीत म्हणून परत साजरा करावा. टोनीला मी एवढंच विचारलं की तुझी नाळ किती वेळा कापली होती. तो उठून जाळी विणायला बसला.

पण एक गोष्ट खरी होती आणि ती त्यालाही ठाऊक होती. विधी नीट झाला की नाही याची शंका उरली, तर फादर ‘आधी झाला नसेल तर’ अशी अट घालून पुन्हा पाणी ओततात. म्हणजे सगळं क्षितिजा काय सांगते त्यावर होतं. मी तिला फोन केला. ती म्हणाली, आंटी, करू दे त्यांना परत, माझं काहीतरी चुकलंच असेल. मी म्हटलं, चुकलं की नाही ते फादर ठरवतील, तू शनिवारी यायचंस. आवाज थोडा चढवला. त्याशिवाय आली नसती.

शनिवारी फादर कॉलिनच्या खोलीत आम्ही सगळे बसलो. टोनीच्या मांडीवर ती बाटली होती, रुमालात गुंडाळलेली. फादरांनी क्षितिजाला विचारलं, काय केलंत? तिने सगळं सांगितलं. थर्मासच्या झाकणात पाणी घेतलं, बाळाला चटका बसू नये म्हणून आधी स्वतःच्या मनगटावर ओतून बघितलं. मग बाळाच्या डोक्यावर तीनदा ओतलं. शब्द विचारले तेव्हा तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "बाळा, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते."

"नाव न्हाय घेतलं," टोनी लगेच म्हणाला.

क्षितिजाचा चेहरा पडला. नाव ठरलंच नव्हतं, ती हळूच म्हणाली. फादर म्हणाले, नावावाचून अडत नाही. मला ते माहीत होतं. पण अजून एक प्रश्न बाकी होता, आणि त्याचं उत्तर मी तिला शिकवलं नव्हतं. शिकवायचं नाही असं ठरवलंच होतं.

फादरांनी विचारलं, "तेव्हा तुमच्या मनात काय होतं?"

क्षितिजाने सियाकडे बघितलं. सिया क्लेअरच्या मांडीवरून तिच्याकडे झेपावत होती.

"मला तुमच्या धर्मातलं काही कळत नाही, फादर," ती म्हणाली. "क्लेअरला जे हवं होतं ते पूर्ण व्हावं, एवढंच होतं. वाटलं, बाळ गेलंच तर तिच्या माणसांचं होऊन जावं. तिच्या देवाचं होऊन. बिननावाचं, एकटं जाऊ नये."

क्लेअर रडायला लागली. माझेही डोळे भरले, आणि मी सहसा रडत नाही. टोनी खाली बघत होता. इतके महिने त्याने ही हकीकत कुणालाच पुरती सांगू दिली नव्हती. थर्मास म्हटलं की त्याचं डोकं सटकायचं.

फादर म्हणाले, शंका उरली नाही. पाणी पुन्हा घालायचं नाही. उद्या तेल लावू, पांढरं वस्त्र घालू, मेणबत्ती देऊ.

रविवारी चर्चच्या दारात फादरांनी सगळ्यांसमोर विचारलं, या बालिकेला बाप्तिस्मा कुणी दिला? डेन्झिल बोलणार तेवढ्यात टोनी पुढे झाला. मागे खांबाआड उभ्या असलेल्या क्षितिजाला त्याने दंडाला धरून पुढे आणलं. "हिनं दिला," तो म्हणाला, बंदरावर बोलतो तेवढ्या मोठ्याने. सगळं चर्च वळून बघायला लागलं.

विधी झाला. बाहेर अंगणात फोटो चालू असताना टोनीने खिशातून बाटली काढली. हा आता पुन्हा सुरू करणार, असं मला वाटलं आणि मी पदर खोचला. पण तो क्षितिजासमोर जाऊन उभा राहिला.

"ही तुझ्याकडं ठेव," तो म्हणाला. "आमी उत्तनला, तू दाराशेजारी. परत कदी वेल आली, तं तूच हाय."

क्षितिजाने थर्मास काखेत धरला आणि देवळात तीर्थ घ्यावं तशी ओंजळ पुढे केली.