चौथी बातमी

आमच्या शाळेत वर्ष संपताना बक्षिसं वाटतात, मुलं दब्का नाचतात, फादर लांबलचक आशीर्वाद देतात. पण गाव जमतं ते बातम्यांसाठी. सहावीतलं एक पोर मंचावर उभं राहतं आणि वर्षभरात शाळेत काय काय घडलं ते सगळ्यांना वाचून दाखवतं. सहावी ही आमच्या शाळेची शेवटची इयत्ता. पुढे मुलं बसने करक शहरातल्या मोठ्या शाळेत जातात. जाण्याआधी ज्याने बातम्या वाचल्या त्याचं नाव गावात राहतं. माझ्या दिराच्या घरातल्या तिघांनी आजवर वाचल्या. माझ्या घरातून एकानेही नाही. माझा फव्वाज हुशार होता, पण त्याच्या वर्षी नेमकं त्याला गालगुंड झालं आणि मान टॉवेलात गुंडाळून तो घरी बसला. ते मी अठ्ठावीस वर्षं गिळून बसले होते.

या वर्षी बातम्यांसाठी माझ्या नातीला निवडलं. लूर्द, फव्वाजची थोरली. बारीक, काळीसावळी, नाक माझं, जीभही माझीच. ती वाचणार हे कळलं त्या दिवशी मी दुकानात मीठ आणायला गेले आणि सात घरं करून परत आले. मीठ राहिलंच.

आणि मग कार्यक्रमाला चार दिवस असताना पोरीने दप्तर दारातच टाकलं आणि म्हणाली, "आजी, मी बातम्या वाचणार नाहीये. सिस्टर म्हणतात, चौथी बातमी काढ. मी नाही काढणार. मग त्या म्हणाल्या, दुसरं कुणी वाचेल."

"खोटं लिहिलंस का काही?"

"नाही. घडलं तेच लिहिलंय."

मला तेवढं पुरे होतं. कागद तिने हातात धरला होता. मी दुसरीपर्यंत शिकले, बोट ठेवून अक्षर अक्षर लावत वाचते, आणि नातीसमोर बोट फिरवायची मला लाज वाटते. म्हणून म्हटलं, कागद काय बघायचा, पोरगी खरं बोलते ना. डोक्यावर ओढणी घेतली आणि तशीच उन्हात शाळेकडे निघाले. मागून ती म्हणत होती, "आजी, थांब ना, ऐक तरी." मी कसली थांबते!

सिस्टर अग्नेसे शाळेच्या मुख्याध्यापिका, इटलीच्या. आमच्याकडे येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. अरबी छान बोलतात, पण पुस्तकातली, जणू रेडिओवरचा बातम्यांचा माणूस घरात शिरला आहे. त्यांनी मला बसवलं. आमचा शिपाई अबू ईसा कॉफी घेऊन आला. मी कप घेतला, समोरच्या टेबलावर ठेवला आणि हात मांडीवर ठेवले.

सिस्टर वाट बघत राहिल्या. मीही.

"थंड झाली का?" त्या म्हणाल्या.

"नाही."

"साखर हवी का?"

साखर! वेलचीच्या कॉफीत! मी कपाला हात लावला नाही. त्यांनी अबू ईसाला हाक मारून दुसरा कप मागवला. तोही मी पहिल्याच्या शेजारी ठेवला. मग तिसरा आला. टेबलावर तीन कप वाफाळत होते आणि सिस्टरांचा चेहरा पडला होता. त्यांना वाटलं, शाळेची कॉफी मला घाण लागली.

शेवटी अबू ईसालाच राहवलं नाही. "सिस्टर, ती मागणं घेऊन आलीय. तिचं काम होईल असा शब्द तुम्ही द्याल तेव्हा ती कॉफी पिणार. नाहीतर तशीच उठून जाईल, आणि पाहुणी कॉफी न पिता उठून गेली तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल."

"आणि मी शब्द दिला तर?"

"मग बांधल्याच गेलात दोघीही. तुम्हाला फिरता येत नाही, तिलाही नाही. आमच्याकडे खुनाची भांडणंसुद्धा अशीच मिटतात."

"खुनाची?" सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि सगळं गाव मारतं तशी, फव्वाजची आई म्हणून हाक मारली. "उम्म फव्वाज, तुमचं मागणं काय आहे?"

"माझी नात बातम्या वाचणार. तिने लिहिल्यात तशाच. चौथीसकट. एक शब्द इकडचा तिकडे नाही."

"ती चौथी बातमी मी आधी तुम्हाला वाचून दाखवते."

"आधी शब्द."

"एकदा ऐकून तर घ्या. तुमच्यासाठीच सांगते आहे मी."

"सिस्टर, माझ्या घरातलं पोर खोटं लिहीत नाही. मला ऐकायची गरज नाही. आधी शब्द."

सिस्टरांनी तिन्ही कपांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ठीक आहे. तुमचं मागणं मान्य. प्या."

मी पहिला कप उचलला आणि एका घोटात संपवला. मग दुसरा, मग तिसरा. अशी जिंकले होते मी! आता सिस्टरांनी खणातून लूर्दच्या बातम्यांची दुसरी प्रत काढली, चष्मा लावला आणि त्यांच्या त्या रेडिओच्या अरबीत वाचली:

"चौथी बातमी. ऑक्टोबर महिन्यात जपमाळेच्या मातेच्या सणाला शाळेत दोनशे माणसं मन्सफ जेवली. मन्सफचा रस्सा फाटला होता. तो विदादमावशीने फाडला नाही. तिने जाळ मोठा केला नव्हता. डाव माझ्या आजीच्या हातात होता, आणि आजी डाव ठेवून बिशपांशी बोलायला गेली होती. मी तिथे बदाम सोलत बसले होते. मी पाहिलं."

अबू ईसाने रिकामे कप गोळा करायला घेतले आणि ते काही केल्या त्याला गोळा होईनात.

आता सांगते, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. विदाद शाळेची स्वयंपाकीण. विधवा बाई, हात हलका, आवाज त्याहून हलका. मन्सफ म्हणजे भात, मटण आणि वर जमीदचा रस्सा; जमीद म्हणजे वाळवून दगडासारखं केलेलं दही. ते भिजवायचं, विरघळवायचं, गाळायचं आणि मंद आचेवर ठेवून उकळी येईपर्यंत ढवळत राहायचं, एकाच दिशेने, एक क्षण न थांबता. थांबलात की फाटलं. त्या दिवशी विदाद ढवळत होती. मीच तिच्या हातातून डाव ओढून घेतला. म्हटलं, बिशप अम्मानहून येताहेत, तू ताटं धू, हे तुझं काम नाही. तेवढ्यात बिशपांची गाडी आली. त्यांना आधी मीच दिसायला हवी होते. गेले. परत आले तेव्हा पातेल्यात पाणी एकीकडे, चोथा एकीकडे. आणि माझ्या तोंडून निघालं, "विदाद, एवढा जाळ कुणी लावायला सांगितला तुला?" सगळ्या बायकांसमोर. विदाद ताटं धूत राहिली. त्यानंतर लग्नांना, बाप्तिस्म्यांना मन्सफ रांधायला तिला कुणी बोलावलं नाही. मला हे ठाऊक होतं का? होतं. पण आठ महिने मी स्वतःला जाळाचीच गोष्ट सांगत होते, आणि सांगून सांगून ती मला खरी वाटायला लागली होती.

"मी तुमचीच अब्रू झाकत होते," सिस्टर हळू म्हणाल्या. "अजूनही तुम्ही म्हणाल तर..."

"कॉफी पोटात गेली," मी म्हटलं आणि उठले.

घरी लूर्द अंगणात मुलुखियाची पालेभाजी खुडत बसली होती. मी समोर उभी राहिले.

"हे तुला मला घरात सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं होतं. ऑक्टोबरातच. तू म्हणालीस, मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस."

"आणि आज? आज का नाही बोललीस?"

"तू थांबलीस कुठे? ओढणी घेऊन पळालीस."

मला हात उगारावासा वाटला आणि हसावंसंही वाटलं. ती पानं खुडतच होती. मग मान खाली घालूनच म्हणाली, "तू नको म्हणालीस तर मी मंचावर जाणार नाही, आजी. पण अर्धं नाही वाचणार."

म्हणजे सगळं माझ्यावर आलं. सिस्टर बांधल्या गेल्या होत्या, मीही बांधली गेले होते, पण पोरगी मला सोडवायला तयार होती. मी फक्त एवढंच म्हणायचं की ताप आलाय पोरीला. फव्वाजच्या वेळी आजारपण आलंच होतं की, खरं. कुणी काही म्हटलं नसतं. माझ्या घरातून याही वर्षी कुणी वाचलं नाही, एवढंच झालं असतं, आणि विदादवर जाळाचा आळ तसाच राहिला असता.

चार दिवस मी कुणाच्या घरी गेले नाही. लोकांना वाटलं, मी कार्यक्रमासाठी कपडे शिवतेय.

कार्यक्रमाला सगळं गाव आलं. अंगणात खुर्च्या मांडलेल्या, वर पताका. पहिलीच्या पोरांनी गाणं म्हटलं, त्यातलं एक मध्येच आईकडे पळालं. दब्का झाला. बक्षिसं झाली. लूर्दला गणिताचं मिळालं आणि धर्मशिक्षणाचं नाही, ते बरोबरच आहे, ती फादरांना प्रश्न विचारते. मग सिस्टरांनी तिचं नाव घेतलं. मी पहिल्या रांगेत बसले होते, मुद्दाम. मागे बसले असते तर लोकांना वळून बघावं लागलं असतं.

पोरीने कागद उघडला आणि मंचावरून माझ्याकडे पाहिलं. परवानगी मागत होती ती माझ्याकडे, अजूनही. मी आवाज चढवून म्हटलं, "वाच! आणि मोठ्याने वाच, मागच्यांना ऐकू जाऊ दे!"

तिने वाचलं. पहिली बातमी, नवं कुंपण. दुसरी, जानेवारीत पाण्याची टाकी तीन आठवडे कोरडी होती आणि मुलं घरून बाटल्या आणत होती. तिसरी, दुसरीच्या बाईंचं लग्न. आणि मग चौथी. स्वच्छ, न थांबता, प्रत्येक शब्द वेगळा. "डाव माझ्या आजीच्या हातात होता" म्हणताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. माझ्या मानेवर दोनशे जणांचे डोळे मला जाणवले.

मी उठून उभी राहिले. शेजारी फव्वाजने माझी बाही ओढली, मी त्याचा हात झटकला. मागे वळले. विदाद स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात ट्रे.

"खरं आहे," मी म्हटलं. "जाळ बरोबर होता. रस्सा माझ्यामुळे फाटला, आणि नाव मी विदादचं घेतलं. विदाद, मी चुकले. सगळ्यांसमोर घेतलं होतं, म्हणून सगळ्यांसमोर सांगते."

विदादने ट्रे खाली ठेवला. ओढणीचं टोक तोंडाला लावलं आणि नुसती मान डोलावली. तिच्यासाठी ते भाषणच झालं.

"आता पुढे वाच," मी लूर्दला म्हटलं. "पाचवी राहिलीय."

पाचवी बातमी अशी की आमच्या मुलांचा फुटबॉलचा संघ सात गोलांनी हरला, कारण गोलकीपर अर्ध्यातून जेवायला घरी गेला. तो गोलकीपर माझ्या दिराचा नातू. तेव्हा अंगण हसलं, आणि सगळ्यांत मोठ्याने मी.

कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलत असताना माझी जाऊ उम्म सल्ती माझ्याकडे आली. पंचेचाळीस वर्षं ती अशाच वेळी माझ्याकडे येते. "बाई गं, नातीने आजीलाच मंचावर नेऊन सोललं की! माझ्या पोरांनी वाचल्या तेव्हा असलं काही नव्हतं."

"नव्हतंच," मी म्हटलं. "तुझ्या पोरांनी काय वाचलं ते तुला तरी आठवतंय का? कुंपण आणि पताका. माझ्या पोरीने वाचलेलं हे गाव मी मेल्यावरही सांगेल."

ती तोंड उघडणार, तेवढ्यात तिचीच सून आमच्यामधून वाट काढत स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. तिच्या भावाचं लग्न ऑगस्टात आहे. तिने विदादला विचारलं, तीनशे माणसांचं मन्सफ जमेल का. विदाद म्हणाली, जमेल, पण डाव मी कुणाला देणार नाही.

सगळ्या बायका माझ्याकडे बघून हसल्या. मी लूर्दचा हात धरला आणि अंगणाच्या बरोबर मधून तिला चालवत घरी आणलं.