कुणी जागा सोडायची नाही

कॉनकॉर्दियाहून पोर्तो अलेग्रेपर्यंत आम्ही तिघे गाडीने गेलो. मी, माझा धाकटा भाऊ ओस्वाल्दो आणि त्याचा शाळेपासूनचा दोस्त रुबेन. फुटबॉलची स्पर्धा यंदा शेजारी, ब्राझीलमध्ये होती आणि आमचा संघ आधीच्या तीन सामन्यांपैकी एकही हरला नव्हता. म्हणून बसायची रीत बदलायची नाही, हे ठरलेलं. डावीकडे रुबेन, मध्ये ओस्वाल्दो, उजवीकडे मी. अंगात तेच, न धुतलेले शर्ट. दुसऱ्या सामन्यात रुबेन लघवीला गेला आणि तेवढ्यात आमच्यावर गोल झाला. तेव्हापासून खेळ संपेपर्यंत कुणी जागा सोडायची नाही, असा नियम झाला. आमच्या देशात घरोघरी असले नियम असतात. मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. नियम मीही पाळत होते.

उपांत्यपूर्व सामना दुपारचा होता. साठाव्या मिनिटाला, एक-एक अशी बरोबरी असताना, ओस्वाल्दो जबडा चोळू लागला.

"दात दुखतोय?" मी विचारलं.

"दात नाही. छातीतून वर येतंय. हातातही."

हवा थंड होती, आणि त्याच्या कपाळावर घाम होता. मी नाडी पाहिली. ठोके मधेच चुकत होते.

"ऊठ. खाली दरवाजाजवळ डॉक्टर आहे."

"आत्ता? वेडी आहेस का मिर्ता? मी उठलो आणि गोल बसला, तर साडेचार कोटी लोकांना तू तोंड दाखवणार?"

रुबेन मैदानावरची नजर न काढता म्हणाला, "मी मुतायला गेलो तर तुम्ही दोघं दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. आणि आता हा जाड्या निघाला होय फिरायला?"

"रुबेन, हे हृदयाचं असू शकतं."

तेव्हा त्याने वळून पाहिलं. "खरंच रे जाड्या?"

"कसलं काय. सकाळचं सॉसेज आहे ते." ओस्वाल्दोने माझं मनगट धरलं. "अर्धा तास, मिर्ता. मग नेशील तिथे येतो."

पर्समध्ये ॲस्पिरिन होती. ती मी त्याला चघळायला दिली. अशा माणसांच्या रक्ताचे अहवाल मी रोज देते. अर्ध्या तासात हृदयाचा किती स्नायू मरतो, ते मला ठाऊक होतं. त्याने अडवलं म्हणून मी थांबले, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. ते पुरतं खरं नाही. मी उठायला लागले तेव्हा चेंडू आमच्या पुढच्या फळीकडे आला होता, आणि मी परत टेकले.

अर्ध्या तासात निकाल लागला नाही. जादा वेळातही नाही. पेनल्टी आल्या. त्या ओस्वाल्दो कधीच पाहायचा नाही. मैदानाकडे पाठ करून माझ्या खांद्यावर कपाळ टेकायचा, आणि मी त्याला सांगायचं.

"गेला आत."

"हं."

"त्यांचा अडवला."

"हं."

त्याचा घाम माझ्या शर्टातून आत लागत होता. आमच्या चौथ्या पेनल्टीनंतर 'हं' आला नाही. ते माझ्या लक्षात आलं. मी पाचवी पाहिली. चेंडू जाळ्यात गेला, सगळं स्टेडियम उठलं आणि त्याचं सगळं वजन माझ्यावर आलं. मागच्या रांगेतल्या एका अनोळखी माणसाने आम्हा दोघांना मिठी मारली. त्याला वाटलं, हा रडतोय.

ओस्वाल्दोचा जीव रुग्णवाहिकेतच गेला. इस्पितळातल्या डॉक्टरने आमच्या भाषेत, शब्द शोधत विचारलं, "दुखणं कधी सुरू झालं?"

"शेवटच्या गोलनंतर," रुबेन घाईने म्हणाला.

"साठाव्या मिनिटाला," मी म्हणाले.

सामना डॉक्टरनेही पाहिला असावा. त्याने पेन थांबवून मनात हिशेब केला. "म्हणजे दीड तास. तुम्ही कुठे होतात?"

"शेजारी."

त्याने ते लिहिलं.

बाहेर व्हरांड्यात रुबेन फोन हातात धरून बसला होता. ओस्वाल्दोच्या बायकोला, नेलिदाला, अजून कळवायचं होतं.

"तो उठला नाही म्हणून आपण जिंकलो," तो म्हणाला. "तिला एवढं तरी सांगू ना?"

एरवी मी त्याला विचारलं असतं, याला पुरावा काय.

"सांग," मी म्हणाले.